डब्यांचा नाद

संगणकाच्या टेबलावर चांगला आवाज हवा असं ज्याला वाटतं, त्याची खरेदी हल्ली बहुधा उलट्या टोकाकडून सुरू होते. स्पीकर अजून ठरलेले नसतात, ते कुठे ठेवायचे याचा पत्ता नसतो; पण डॅक कोणता घ्यायचा यावर मात्र आठवडाभर खल चाललेला असतो. डॅक म्हणजे संगणकातल्या आकड्यांचं विजेच्या लहरींत रूपांतर करणारी डबी. तिच्यापुढे ॲम्प्लिफायर, म्हणजे त्या लहरींना स्पीकरचा पडदा हलवण्याइतका जोर देणारं यंत्र. दोन्ही वस्तू देखण्या असतात, ॲल्युमिनियमच्या पेटीत येतात आणि त्यांच्या जाहिरातीत आकडे भरपूर असतात. स्पीकर बिचारा लाकडी खोका. त्यामुळे वीस हजारांचं बजेट असेल तर त्यातले दहा-बारा हजार या डब्यांवर जातात आणि उरलेल्यात मावतील ते स्पीकर घरी येतात. तंबोरा अजून घ्यायचाय आणि गवसणीचं कापड निवडणं चाललंय, असा हा प्रकार. क्रम नेमका उलटा हवा, असं माझं मत आहे. आधी स्पीकर आणि त्यांची जागा, मग गरजेच्या हिशेबाने ॲम्प, आणि डॅक सगळ्यांत शेवटी, तोही त्याच्यावाचून अडलं तरच.

मुळात बऱ्याच लोकांना यातलं काहीच विकत घ्यायची गरज नसते. संगणकासाठी म्हणून जे स्पीकर विकले जातात, त्यातले बहुतेक ‘ॲक्टिव्ह’ असतात. म्हणजे ॲम्प्लिफायर त्यांच्या पोटातच बसवलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे. स्पीकरच्या मागून निघालेली वायर भिंतीतल्या सॉकेटात जात असेल तर ॲम्प आत आहे, आणि बाहेरून दुसरा आणून जोडायचा प्रश्नच उद्भवत नाही. मागे नुसत्या लाल-काळ्या दोन पट्ट्या किंवा स्क्रू असतील तर तो ‘पॅसिव्ह’ स्पीकर, आणि त्याला बाहेरचा ॲम्प लागतोच. एवढी गोष्ट न पाहता ॲक्टिव्ह स्पीकरसाठी ॲम्प घेणारे लोक आहेत, आणि त्यांना तो आनंदाने विकणारेही आहेत. डॅकचंही तसंच. संगणकाच्या ज्या हिरव्या भोकात आपण पिन खुपसतो, त्याच्यामागे मदरबोर्डवर एक डॅक असतोच. यूएसबी किंवा ब्लूटूथने चालणाऱ्या स्पीकरच्या आतही असतोच. नसता तर आवाजच आला नसता. तेव्हा बाहेरचा डॅक घेणं म्हणजे आहे तो बदलणं. मग आहे त्यात वाईट काय, हे आधी विचारायला हवं.

डॅक ही सुटलेली समस्या आहे, असं मी म्हणतो तेव्हा ते नुसतं मत नसतं. फिलिप्स आणि सोनी यांची सीडी १९८२ साली बाजारात आली, ती सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट असं माप घेऊन. माणसाचा कान तरुणपणी फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. त्याच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने घेतले की त्या पट्ट्यातली लहर जशीच्या तशी परत उभी करता येते, हे गणित त्याच्याही कितीतरी आधीचं. १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सुमारे ९६ डेसिबल भरतं. आता हे आपल्या खोलीत आणून पाहू. आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रस्त्याकडेच्या सदनिकेत ती पाळली जाते असं कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. वर गरगरणारा पंखा, शेजारचा मिक्सर, खाली रिव्हर्स घेणारी गाडी. अशा खोलीत ९० डेसिबलपर्यंत संगीत वाजवलं, आणि ते टेबलाशी बसून ऐकायला पुष्कळ मोठं झालं, तरी हाताशी उरतं ते चाळीस-पन्नास डेसिबलचं अंतर. ॲपलच्या हजार रुपयांच्या घरातल्या, बोटभर लांबीच्या यूएसबी-सी डॅकची स्वतंत्र मापनं झाली आहेत. त्यात मूळ आवाजाच्या तुलनेत गोंगाट आणि विकृती सुमारे ९९ डेसिबल खाली निघाली, म्हणजे लाखात जेमतेम एक भाग. याच्या दहापट किमतीचा डॅक हीच विकृती दहा लाखांत एका भागावर आणतो. सुधारणा खरी आहे, मोजता येते. फक्त ती पंख्याच्या आवाजाखाली कुठेतरी खोल गाडलेली असते.

ऐकण्याच्या चाचण्याही हेच सांगतात. २००७ साली ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च दर्जाच्या डिस्क वाजवायच्या, आणि श्रोत्याला न सांगता मध्येच आवाज सीडीच्या मापाच्या एका जादा रूपांतरातून फिरवून आणायचा; म्हणजे लहरीचे आकडे करायचे आणि आकड्यांची पुन्हा लहर. वाटेत एक अख्खा जादा टप्पा घातलेला. ५५४ वेळा विचारलं गेलं, आणि बरोबर उत्तरं आली ४९.८ टक्के. नाणं उडवलं असतं तरी इतकी आली असती. या प्रयोगावर टीका झाली. वापरलेल्या काही डिस्क मुळात तितक्या उच्च दर्जाच्या नव्हत्याच, असं टीकाकार म्हणाले, आणि त्यात तथ्य होतं. म्हणून दुसरा पुरावाही समोर ठेवायला हवा. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये अशा १८ प्रयोगांचे निकाल, बारा हजारांहून जास्त उत्तरं, एकत्र तपासली. सीडीच्या वरचा दर्जा ओळखणाऱ्यांचं प्रमाण निघालं ५२.३ टक्के, खास तालीम दिलेल्या श्रोत्यांमध्ये ते साठ टक्क्यांच्या आसपास गेलं. म्हणजे फरक शून्य नाही. पण शांत प्रयोगशाळेत, मुद्दाम कान तयार केलेल्या माणसाला शंभरातून चाळीस वेळा जो चुकवतो, त्या फरकासाठी स्पीकरच्या पैशांना कात्री लावावी का? उत्तर अवघड नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा की, ‘आकडे काही का म्हणेनात, मी नवा डॅक जोडला आणि आवाज खुलला, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.’ ऐकलं असेलच. तो माणूस खोटं बोलत नाही. संगणकाच्या हेडफोनच्या पिनेतून साधारण एक व्होल्टचा सिग्नल निघतो, बाहेरच्या टेबलावरच्या डॅकमधून बहुधा दोन व्होल्टचा. दुप्पट व्होल्ट म्हणजे सहा डेसिबल. व्हॉल्यूमच्या बटणाला हातही न लावता आवाज सहा डेसिबलने वाढला, आणि माणसाच्या कानाची खोड अशी की किंचित मोठा आवाज त्याला मोठा न वाटता ‘चांगला’ वाटतो. अर्ध्या-एक डेसिबलनेही हे घडतं. सहा म्हणजे फारच झाले. दुकानात तुलना करून दाखवताना हे कोणी जाणूनबुजून करतं असं नाही, पण दोन्हीकडचा आवाज मोजून सारखा केल्याशिवाय केलेल्या तुलनेला काडीचाही अर्थ नसतो. दुसरं कारण डोळ्यांचं. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हर्मन कंपनीत तेच स्पीकर तेच लोक बसवून दोनदा ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा उघड. पडद्याआड चांगले गुण मिळवलेली छोटी, स्वस्त जोडी डोळ्यांना दिसताच खाली घसरली. हे श्रोते कंपनीतलेच, आवाजाच्या व्यवसायातले लोक होते. ज्यांच्या खिशातून आठ-दहा हजार आत्ताच गेले आहेत, त्यांच्या कानांनी तटस्थ राहावं ही अपेक्षा जरा जादाच.

डॅक घ्यायचं एक रास्त कारण मात्र आहे, आणि ते दर्जाशी नव्हे, खरखरीशी निगडित आहे. माउस सरकवला की स्पीकरमधून बारीक चिरचिर ऐकू येते, फाइल उघडली की गुणगुण वाढते. ही संगणकाच्या पोटातल्या विजेची कुजबुज असते आणि ती मदरबोर्डवरच्या आवाजाच्या वाटेत शिरते. अशा वेळी बाहेरचा साधा यूएसबी डॅक उपयोगी पडतो, अगदी हजार-दोन हजारांचाही. पण त्याआधी फुकटचे उपाय करून पाहावेत. पुष्कळ लोक संगणकाचा व्हॉल्यूम वीस टक्क्यांवर ठेवून स्पीकरचं बटण शेवटपर्यंत पिळतात. असं केलं की सिग्नल बारीक राहतो आणि खरखर मोठी होते. उलट करावं, संगणक जवळपास पूर्ण आणि स्पीकर कमी. आणि एकसुरी घुंऽऽ असा आवाज येत असेल, तर तो अर्थिंगच्या वाटा दोन झाल्याने येतो. यूएसबीच्या वायरीतही अर्थ असतोच, त्यामुळे महागडा यूएसबी डॅक आणूनही तो तसाच राहू शकतो. संगणक आणि स्पीकर दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावल्याने तो अनेकदा जातो. नाही गेला तर ऑप्टिकल वायर, जिच्यातून वीज नव्हे, प्रकाश जातो, ती हमखास काम करते. काही इलेक्ट्रिशियन यावर तिसरी पिन काढून टाकायचा सल्ला देतात. तो कधीही ऐकू नये. घुमणं थांबेल, पण यंत्रात बिघाड झाला की त्याच्या पत्र्यात उतरलेला करंट तुमच्या हातातून जमिनीला जाईल.

ॲम्पची गोष्ट वेगळी. पॅसिव्ह स्पीकरला तो हवाच, आणि तिथे चूक करायला वावही आहे. पण ही निवड अंकगणिताची आहे, श्रद्धेची नाही. समजा स्पीकरच्या कागदावर ८५ डेसिबल असं लिहिलंय. त्याचा अर्थ एक वॅट दिला की एक मीटरवर ८५ डेसिबल. टेबलाशी बसलेल्या माणसाचं अंतर मीटरभरही नसतं, पाऊण मीटर धरू. तिथे अडीच डेसिबल वाढले. स्पीकर दोन, म्हणून आणखी तीन. एकेका वॅटवर कानाशी नव्वद डेसिबल झाले. संगीत सरासरी ७५ डेसिबलवर ऐकणारा माणूस शेजाऱ्याच्या दृष्टीने आधीच गुन्हेगार. त्यातली तबल्याची थाप किंवा ढोलाचा ठोका सरासरीच्या वीस डेसिबल वर गेला तरी लागतात तीन-सव्वातीन वॅट. दर स्पीकरला वीस-तीस वॅटचा प्रामाणिक ॲम्प असला की टेबलावर पुरून उरतो. वॅट दुप्पट केले की वाढतात तीन डेसिबल, कानाला जेमतेम जाणवतील इतके. आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. पन्नासच्या जागी शंभर वॅटचा ॲम्प घेणाऱ्याने हे आधी लक्षात घेतलेलं बरं.

‘प्रामाणिक’ हा शब्द मी जपून वापरलाय. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर हजार वॅट पीएमपीओ असं सोनेरी अक्षरांत छापलेलं असायचं, आणि तो टेपरेकॉर्डर सहा मोठ्या सेलवर चालायचा. पीएमपीओला कुठलीच प्रमाणित व्याख्या नव्हती. कारखान्याला सुचेल तो आकडा. आज ते अक्षर गेलं, खोड राहिली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत तळहाताएवढे क्लास-डी ॲम्प मिळतात. त्यांत बहुधा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३११६ ही चिप असते, आणि वर छापलेलं असतं ‘१०० वॅट + १०० वॅट’. चिप वाईट नाही. स्वस्तात मस्त म्हणावी अशीच आहे. पण सोबत येणारा ॲडॅप्टर पाहा. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर अशी साधी रचना ८ ओहमच्या स्पीकरला, आवाज फाटायच्या आधी, जास्तीत जास्त ९ वॅट देऊ शकते. व्होल्टचा वर्ग करा, ओहमच्या दुपटीने भागा: १४४ भागिले १६. तोच ॲम्प २४ व्होल्टवर चालवला तर ३६ वॅट. शंभर कुठून येणार? चिपच्या स्वतःच्या माहितीपत्रकातला ५० वॅटचा आकडासुद्धा ४ ओहमचा स्पीकर आणि १० टक्के विकृती धरून दिलेला आहे; म्हणजे गायिकेचा आवाज ओळखू येईल, पण तिला तो ऐकवायची लाज वाटेल अशा अवस्थेतला. म्हणून ॲम्प घेताना डब्यावरचे वॅट न वाचता ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचावेत. त्यांचा गुणाकार खोटं बोलत नाही. ॲम्प तेवढ्याहून जास्त सलग काही देऊच शकत नाही.

चांगल्या ॲम्पमध्ये आपसांत फरक ऐकू येतो का, हा जुना वाद आहे. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने काही शे डॉलरच्या रिसीव्हरपासून हजारो डॉलरच्या ॲम्पपर्यंत सगळी यंत्रं, आवाज सारखा ठेवून, झाकून ऐकवली, आणि श्रोत्यांना ती वेगळी ओळखता आली नाहीत. मात्र यावरून सगळे ॲम्प सारखेच असं म्हणणं हा माझ्याच बाजूचा अतिरेक होईल. स्वस्त क्लास-डी ॲम्पच्या शेवटी जी गाळणी असते, ती अनेक रचनांत दुरुस्तीच्या फेऱ्याबाहेर राहते. मग स्पीकर बदलला की वरच्या पट्टीतला आवाज थोडा उठतो किंवा बसतो. व्हॉल्व्हच्या ॲम्पचंही असंच, तो स्पीकरच्या स्वभावाप्रमाणे आपला रंग बदलतो. हे फरक मोजता येतात, कधी ऐकूही येतात. त्यामुळे पॅसिव्ह स्पीकर घेणाऱ्याने ॲम्पवर चार पैसे टाकले, आणि डॅक आतच असलेला ॲम्प निवडून एक डबी वाचवली, तर मी त्याला शहाणाच म्हणेन.

आता ज्यावर पैसे वाचवायचे त्याचं झालं. जिथे ते घालायचे तिथे या. चांगल्या डॅकमध्ये खर्जापासून तारसप्तकापर्यंतचा उतारचढाव अर्ध्या डेसिबलच्या आत असतो. स्पीकरची कंपनीच स्वतः सांगते, अधिक-उणे तीन डेसिबल. आणि तो खोलीत ठेवला की खर्जात दहा-दहा डेसिबलचे उंचवटे आणि खड्डे पडतात. तीन मीटर रुंदीची खोली घ्या, आपल्याकडच्या दहा फुटी बेडरूमचंच माप. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्या रुंदीत सर्वांत खालचा घुमारा ५७ हर्ट्झच्या आसपास बसतो. गाण्यात तो सूर आला की खोली स्वतःच गायला लागते, बाकीचे सूर तसेच कोरडे राहतात. त्यात आपल्याकडे लादी, काच, उघड्या भिंती. गालिचा नाही, पुस्तकांचं कपाट असलंच तर दिवाणखान्यात. स्पीकर भिंतीला टेकवला की खर्ज फुगतो. टेबलावर सपाट ठेवला की टेबलावर आपटून आलेला आवाज थेट आवाजात मिसळून गाणाऱ्याचा गळा पोकळ करतो. लाखाच्या डॅकला यातलं काहीही दिसत नाही. स्पीकर भिंतीपासून जमेल तितका पुढे ओढला, खाली तिरकी पाचर किंवा जाड पुस्तक घालून त्याचा छोटा पडदा, ट्वीटर, कानाच्या रेषेत आणला, दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण केला, मागे जाड पडदा सोडला, तर जो फरक पडतो तो ऐकायला तालीम लागत नाही. ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर आणि मोजणीचा एक मायक्रोफोन घेतला तर खोलीचा उंचवटा कुठे आहे ते दिसतं, आणि विंडोजवर ‘इक्वलायझर एपीओ’ या तशाच मोफत सॉफ्टवेअरने तो कापता येतो. मध्यम प्रतीच्या डॅकच्या किमतीत हा मायक्रोफोन येतो, आणि आवाज सुधारण्याचं काम डॅकपेक्षा कितीतरी जास्त करतो.

‘पण हा छंद आहे, हिशेब कशाला?’ असंही म्हटलं जातं. छंदाला माझी ना नाही. देखण्या डब्याचा नाद असलेला माणूस डबा डब्यासाठी घेत असेल, तर त्याने खुशाल घ्यावा. घड्याळं जमवणाऱ्याला मोबाइलवर वेळ दिसते म्हणून कोणी अडवत नाही. माझी तक्रार आहे ती डबा आवाजाच्या नावावर विकला जातो याची. ‘भविष्यासाठी’ म्हणून डॅक घेणाऱ्यांची गत एमक्यूए नावाच्या प्रकाराने दाखवून दिली. २०१४ मध्ये वाजतगाजत आलेल्या या ध्वनिप्रकाराचा बिल्ला डॅकवर असावा म्हणून लोकांनी जादा पैसे मोजले. २०२३ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या व्यवस्थापनात गेली, २०२४ मध्ये टायडल या संगीत ऐकवणाऱ्या सेवेने तो प्रकार काढून टाकला, आणि बिल्ला बिल्लाच राहिला. चिपच्या नावावर जीव टाकणाऱ्यांसाठी आणखी एक दाखला. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथल्या असाही कासेईच्या कारखान्याला आग लागली आणि नावाजलेल्या डॅक चिपांचा जगभर तुटवडा झाला. अनेक कंपन्यांना दुसऱ्याच घराण्याची चिप बसवून यंत्रं नव्याने आखावी लागली, आणि ती यंत्रंही बाजारात तितकीच वाखाणली गेली. दुसरीकडे चांगला स्पीकर वीस-पंचवीस वर्षं टिकतो. त्याच्या पडद्याभोवतीची फोमची कड झिजली तर ती बदलून देणारे कारागीर अजून आहेत.

गिऱ्हाइकाला हे सगळं शिकावं लागतं, कारण डब्यावर ते लिहिलेलं नसतं. अमेरिकेत ॲम्पच्या जाहिरातीत वॅट कसे सांगावेत याचा नियम १९७४ पासून आहे, आणि तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये तो आणखी घट्ट केला: ८ ओहमला, २० ते २०,००० हर्ट्झच्या पूर्ण पट्ट्यात आणि एका टक्क्याहून कमी विकृतीवर किती, ते सांगा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या छोट्या ॲम्पच्या खोक्यावर एवढा तपशील क्वचितच सापडतो. इथेही ग्राहक संरक्षणाच्या चौकटीत अशी एक ओळ सक्तीची करायला फार खर्च येणार नाही. मोजणीचं यंत्र कारखान्यात असतंच, आकडा फक्त लपवला जातो. तोवर काउंटरवर उभं राहून दोनच गोष्टी मागाव्यात: आठ ओहमला, एक टक्का विकृतीवर, दोन्ही बाजू एकदम चालू असताना किती वॅट, आणि ॲडॅप्टर जरा दाखवा.